जामिनाची अट कोणासाठी?

२४ ऑगस्ट २०२१ची दुपार संगमेश्वर तालुक्यात कोणी विसरलेले नाही. केंद्रीय मंत्री नारायण राणे यांची जनआशीर्वाद यात्रा गोळवलीला थांबली होती आणि तिथेच पोलिसांनी त्यांना अटक केली. हातात जेवणाचे ताट, भोवती पोलीस आणि कार्यकर्त्यांचा गलका, अशी चित्रफीत पाहता पाहता देशभर फिरली. आदल्या दिवशी महाडमध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांच्याविषयी बोलताना, आपण तिथे असतो तर कानाखाली चढवली असती, अशा आशयाचे वाक्य राण्यांच्या तोंडून गेले होते. स्वातंत्र्यदिनाच्या भाषणात मुख्यमंत्र्यांना स्वातंत्र्याची वर्षे शेजारच्याला विचारून घ्यावी लागली, असा त्या वाक्यामागचा आक्षेप होता. महाड, नाशिक, पुणे अशा ठिकाणी गुन्हे दाखल झाले. रत्नागिरीत अटकपूर्व जामीन मिळाला नाही आणि उच्च न्यायालयात त्या दिवशी तातडीची सुनावणी झाली नाही. रात्री महाडच्या न्यायदंडाधिकाऱ्यांनी अटक योग्य ठरवली, पण कोठडीची गरज नाही म्हणून जामीन दिला.

एवढी हकिकत देवरूखच्या एसटी स्थानकावर कोणीही सांगेल. जामीन कोणत्या अटींवर मिळाला, हे मात्र फारसे कोणी सांगणार नाही. पंधरा हजारांचा जातमुचलका, अलिबागला पोलिसांपुढे दोन तारखांना हजेरी, पुराव्यात ढवळाढवळ करायची नाही, लागल्यास आवाजाचा नमुना द्यायचा, आणि असा गुन्हा पुन्हा करायचा नाही. पहिल्या चार अटींवर वाद घालण्यासारखे काही नाही. पाचवीवर आहे, आणि तो वाद आपल्याकडे नीट झालेला नाही. खटला तोंडावर असलेल्या बलदंड पुढाऱ्याने काय बोलावे आणि काय बोलू नये, हे न्यायालयाने ठरवावे का? ठरवायचेच असेल तर कोणाच्या रक्षणासाठी?

‘असा गुन्हा पुन्हा करायचा नाही’ ही अट कोणा एका न्यायाधीशाच्या कल्पनेतून आलेली नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४३७च्या तिसऱ्या पोटकलमात ती होती आणि आताच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८० मध्येही आहे. चोरी, मारहाण, खंडणी अशा गुन्ह्यांत तिचा अर्थ सरळ लागतो. पुन्हा चोरी करू नकोस, म्हटले की चोराला नेमके काय सांगितले ते कळते. आरोप बोलण्याचा असला की तीच अट धूसर होते. राण्यांचे वाक्य गुन्हा आहे की नाही, हाच तर खटल्यातला प्रश्न होता. २०२४ मध्ये अलिबागच्या न्यायालयाने त्यांना या प्रकरणात दोषमुक्त केले. म्हणजे पुरावे, साक्षी, उलटतपासणी इथपर्यंत प्रकरण गेलेच नाही. मग मधल्या काळात त्यांनी जे ‘पुन्हा करायचे नाही’ ते नक्की काय होते? न्यायालयाने ज्याला शेवटी गुन्हा मानले नाही, तसे बोलायचीच ती बंदी होती. राण्यांचे वाक्य मला तेव्हाही हीन वाटले होते आणि आजही वाटते. मुख्यमंत्र्यांविषयी असे बोलणारा केंद्रीय मंत्री आपल्या जिल्ह्याच्या राजकारणाला खाली ओढतो. पण हीन बोलणे आणि गुन्हा यांच्यामध्ये कायद्याने रेघ आखलेली आहे, आणि जामिनाच्या अटीने ती पुसू नये.

याच्या पुढचे पाऊल मुंबईत पडले. एप्रिल २०२२ मध्ये अमरावतीच्या खासदार नवनीत राणा आणि बडनेऱ्याचे आमदार रवी राणा यांनी ‘मातोश्री’समोर हनुमान चालिसा म्हणण्याची घोषणा केली आणि त्यांना अटक झाली. आरोपांत राजद्रोहाचे कलमही घातले गेले. ४ मे रोजी विशेष न्यायालयाने जामीन देताना, केवळ आक्षेपार्ह शब्द उच्चारले म्हणून राजद्रोह होत नाही, अशा अर्थाचे मत नोंदवले. त्याच आदेशात अट घातली की दोघांनी या प्रकरणाबद्दल माध्यमांशी बोलायचे नाही. सुटका होऊन चार दिवस होतात न होतात तोच पोलीस जामीन रद्द करा म्हणून न्यायालयात आले. राणा दांपत्य माध्यमांशी बोलले, मुख्यमंत्र्यांना निवडणुकीचे आव्हान दिले, हे अटीचे उल्लंघन असे पोलिसांचे म्हणणे होते. तो अर्ज पुढे फेटाळला गेला. तोवर राज्यातले सरकार बदलले होते.

या प्रकरणातली एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. अट न्यायालय घालते, पण ती मोडली का यावर नजर पोलीस ठेवतात, आणि पोलीस ज्यांच्या हाताखाली असतात त्यांच्यावरच आरोपीची टीका चाललेली असते. ‘या प्रकरणाबद्दल’ म्हणजे कशाबद्दल? सरकारने आपल्याला अन्यायाने पकडले, असे म्हणणे हे प्रकरणाबद्दल बोलणे झाले की राजकारण झाले? राजकीय आरोपीचा खटला हाच त्याच्या राजकारणाचा विषय होऊन बसतो. तो त्यावर गप्प राहील अशी अट घालणे म्हणजे विरोधकाच्या तोंडाचे कुलूप सरकारी पक्षाच्या हातात देणे होय. तेव्हा ते महाविकास आघाडीच्या हातात होते, उद्या दुसऱ्यांच्या असेल. दिल्लीत उलटी बाजू दिसली. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अरविंद केजरीवाल यांना निवडणूक प्रचारासाठी अंतरिम जामीन दिला, तेव्हा मद्यधोरण प्रकरणातल्या स्वतःच्या भूमिकेवर त्यांनी काही बोलू नये, अशी अट होती. सप्टेंबरात सीबीआयच्या प्रकरणात जामीन देतानाही प्रकरणाच्या गुणदोषांवर जाहीर भाष्य करायला मनाई केली. देशाचे गृहमंत्री आणि पंतप्रधान मात्र त्याच मद्यधोरणावर प्रचारसभांतून मनसोक्त बोलू शकत होते. आरोप करणाऱ्याला व्यासपीठ आणि उत्तर देणाऱ्याला मनाई, हे मतदाराच्या दृष्टीनेही न्याय्य नव्हते.

या अटीचा पूर्वज शोधायला फार लांब जावे लागत नाही. लोकमान्य टिळक रत्नागिरीत जन्मले. १९१६च्या मे-जूनमध्ये बेळगाव आणि अहमदनगर इथे स्वराज्यावर त्यांनी मराठीत भाषणे केली. २३ जुलैला, त्यांच्या एकसष्टीच्या दिवशी, त्यांच्या हातात नोटीस पडली. फौजदारी संहितेच्या कलम १०८ खाली पुण्याच्या जिल्हा न्यायदंडाधिकाऱ्यांनी हुकूम काढला तो असा: वर्षभर चांगल्या वर्तणुकीची हमी म्हणून वीस हजारांचा जातमुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीनदार. हा काही शिक्षेचा निकाल नव्हता. झालेल्या भाषणांसाठी तुरुंग नाही, पण पुढच्या भाषणांवर पैशाचा बोजा. नोव्हेंबरात मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती बॅचलर आणि न्यायमूर्ती शहा यांनी तो हुकूम रद्द केला. टिळकांची बाजू महंमद अली जिना यांनी मांडली होती. सुटी वाक्ये उचलायची नाहीत, भाषण समग्र वाचून त्याचा परिणाम पाहायचा, हा त्या निकालाचा गाभा होता. सुट्या वाक्यांवर चालणाऱ्या आजच्या फिर्यादी पाहिल्या की १९१६चे ते दोन न्यायाधीश आपल्या कित्येक पोलीस ठाण्यांच्या पुढे होते असे म्हणावे लागते. कलम १०८ मात्र कोठे गेले नाही. स्वतंत्र भारताने ते १९७३च्या संहितेत ठेवले, आणि वसाहतीचे कायदे फेकून दिले असे सांगत आणलेल्या नव्या संहितेतही ते कलम १२७ म्हणून बसले आहे.

दुसरे उदाहरण तर अगदी जिल्ह्यातलेच. जानेवारी १९२४ मध्ये विनायक दामोदर सावरकरांना येरवड्यातून सोडले ते दोन अटींवर: रत्नागिरी जिल्ह्याबाहेर परवानगीशिवाय जायचे नाही, आणि पाच वर्षे उघडपणे किंवा खासगीत राजकारणात भाग घ्यायचा नाही. पाच वर्षांची मुदत वाढत वाढत १९३७ पर्यंत गेली. हा हुकूम न्यायालयाचा नव्हता, सरकारचा होता, आणि सावरकर तेव्हा आरोपी नव्हते, शिक्षा झालेले कैदी होते. तरी इथे तो आठवतो, कारण ‘राजकारण’ एवढ्या एका शब्दाने माणसाला बांधले की काय होते ते त्या तेरा वर्षांत दिसते. मंदिरप्रवेश राजकारण आहे का? सहभोजन? भाषाशुद्धी? १९३१ मध्ये रत्नागिरीत पतितपावन मंदिर उभे राहिले तेव्हा ती समाजसुधारणा ठरली, म्हणून चालली. काय चालेल आणि काय नाही हे ठरवणारा मात्र दर वेळी सरकारी अधिकारीच. सावरकरांच्या विचारांशी ज्यांचे टोकाचे मतभेद आहेत त्यांनीही ही अट चुकीची होती असे म्हणायला कचरू नये. मी कचरत नाही.

शंभर वर्षांनी हीच अट ओडिशात दिसली. बेरहामपूरच्या एका माजी महापौराला जामीन देताना उच्च न्यायालयाने, त्याने प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे राजकारणात भाग घ्यायचा नाही, असे घातले होते. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अट मूलभूत हक्कांचा भंग म्हणून काढून टाकली. त्याआधी जुलै २०२२ मध्ये पत्रकार महंमद झुबेर यांना जामीन देताना, ट्विट करण्यास मनाई करा ही उत्तर प्रदेश सरकारची मागणी सर्वोच्च न्यायालयाने नाकारली होती. माणसाने पुढे काय लिहावे याची सरसकट बंदी आधीच घालता येत नाही, कायदा मोडला तर त्याला जबाबदार धरता येईल, असा तो विचार होता. आणि ३ जानेवारी २०२३ रोजी घटनापीठाने कौशल किशोर प्रकरणात सांगितले की घटनेच्या कलम १९(२) मध्ये बोलण्यावरच्या निर्बंधांची जी कारणे दिली आहेत त्यांत न्यायालयाने भर घालायची नाही, बोलणारा मंत्री असला तरी नाही. त्याच सर्वोच्च न्यायालयाने वर्ष-दीड वर्षात केजरीवालांना प्रकरणावर बोलू नका सांगितले. या दोन भूमिकांचा मेळ कसा घालायचा, हे मला कोणत्याही आदेशात सापडलेले नाही.

मग पुढाऱ्याला काहीही बोलू द्यावे? इथे माझे अनेक मित्र, जे एरवी बोलण्याच्या स्वातंत्र्याची बाजू घेतात, मला सोडून पलीकडे जातात, आणि त्यांच्या म्हणण्यात दम आहे. ते म्हणतात, सामान्य आरोपी आणि पुढारी यांना एका मापाने मोजू नका. सामान्य माणसाचे बोलणे त्याच्या आळीपुरते असते. पुढाऱ्याच्या तोंडापुढे ध्वनिक्षेपक असतो, मागे कार्यकर्ते असतात, आणि त्याचे वाक्य ऐकून दुसऱ्या कोणाच्या तरी हातात दगड येतो. शिवाय पुढाऱ्याला जामीन त्याच रात्री मिळतो. मे २०२२ मध्ये शरद पवारांवरच्या एका फेसबुक पोस्टवरून केतकी चितळे यांना अटक झाली, त्या सुमारे चाळीस दिवस आत होत्या. मंत्र्याचे वाक्य एका दिवसाच्या अटकेत मिटते आणि एका अभिनेत्रीच्या पोस्टला चाळीस दिवस लागतात, मग निदान मंत्र्याच्या तोंडाला तरी आवर नको का?

या प्रश्नाचे उत्तर दिल्ली-मुंबईत बसून देता येत नाही. त्यासाठी देवरूखच्या न्यायालयाच्या व्हरांड्यात जाऊन उभे राहायला हवे. देवरूख तालुक्याचे ठिकाण, इथे प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचे न्यायालय आहे. तारखेच्या दिवशी फिर्यादी, आरोपी, साक्षीदार, पंच, दोन्हीकडचे वकील एकाच व्हरांड्यात ताटकळतात आणि बहुधा एकाच टपरीवर चहा घेतात. साक्षीदार म्हणजे कोणी रिक्षावाला, कोणी ग्रामपंचायतीचा शिपाई, कोणी किराणा दुकानदार. पंचनाम्यावर सही केलेला पंच तर निव्वळ त्या वेळी तिथून जात होता म्हणून अडकलेला. या माणसाला मारून टाकण्याची धमकी कोणी देत नाही, तशी गरजही पडत नाही. आमदाराने किंवा माजी आमदाराने एखाद्या सभेत सहज म्हटले, की अमक्या वाडीतली काही माणसे पैसे घेऊन खोटी साक्ष द्यायला निघाली आहेत, गावाने त्यांना ओळखून ठेवावे, तर तेवढे पुरते. शिमग्यात पालखी त्याच्या अंगणात येईल की नाही, मुंबईच्या मंडळात त्याच्या भावाला कोणी बोलावील की नाही, मुलीचे लग्न ठरेल की नाही, या सगळ्याचा हिशेब तो माणूस त्याच रात्री करतो. कोकणात वाळीत टाकणे ही जुन्या पुस्तकातली गोष्ट नाही. राज्याला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा करावा लागला, त्यामागे रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांतल्या अशा तक्रारींचा मोठा वाटा होता. पुढच्या तारखेला तो साक्षीदार फितूर होतो. सरकारी वकील त्याला फितूर जाहीर करायची परवानगी मागतात, एखादा औपचारिक प्रश्न विचारतात आणि प्रकरण संपते.

खटला तिथे मरतो, आणि मरण्याचे कारण भाषण असते. हे मी पूर्ण मानतो. म्हणून सरसकट ‘बोलू द्या’ म्हणणाऱ्यांच्या बाजूलाही मी उभा राहू शकत नाही. साक्षीदार संरक्षणाची योजना सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये महेंदर चावला प्रकरणात मान्य केली, महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा त्याच्याही आधीचा, २०१७चा आहे. दारात पोलीस शिपाई बसवणे या योजनेला जमते. सभेतल्या वाक्यापुढे तो शिपाई काय करणार?

आता राण्यांच्या प्रकरणाकडे पुन्हा पाहा. त्यात साक्षीदार कोण होता? कॅमेरा. वाक्य हजारो लोकांनी ऐकले होते, चित्रफीत पोलिसांकडे होती, आरोपीच्या पुढच्या भाषणांनी तो पुरावा बदलणार नव्हता. ज्यांच्याविषयी वाक्य होते ते राज्याचे मुख्यमंत्री होते, त्यांना राण्यांच्या तोंडापासून न्यायालयाने वाचवण्याची गरज नव्हती. राणा दांपत्याच्या प्रकरणातही तेच. बोलण्याच्या गुन्ह्यात पुरावा यंत्रात सुरक्षित असतो, तेव्हा बोलण्यावरच्या अटीची गरज सर्वांत कमी. जमिनीचा व्यवहार, ठेकेदारी, बँकेतला अपहार, मारहाण यांत पुरावा जिवंत माणसांच्या तोंडात असतो, तेव्हा तिची गरज सर्वांत जास्त. ज्यांच्या विरोधात बोलले गेले ते मोठे लोक असतील तर अट नको. ज्यांच्यावर बोलणे कोसळेल ती लहान माणसे असतील तर अट हवी, आणि कडक हवी. ती पुढाऱ्याच्या पक्षाकडे किंवा वाक्याच्या उर्मटपणाकडे बघून घालायची नाही. समोरचा माणूस किती दुबळा आहे, हे तिचे माप असावे.

ही मांडणी एकट्या कोकणाच्या अनुभवातून आलेली नाही. न्यूयॉर्कमध्ये मार्च २०२४ मध्ये न्यायाधीश हुआन मर्चन यांनी डोनाल्ड ट्रम्प यांच्यावर निर्बंध घातले, ते याच रेघेवर. साक्षीदार, ज्यूरी, न्यायालयाचे कर्मचारी, सरकारी वकिलांचे सहकारी आणि नंतर न्यायाधीश व मुख्य सरकारी वकील यांचे कुटुंबीय यांच्यावर बोलायचे नाही. खुद्द मर्चन आणि मुख्य सरकारी वकील ॲल्विन ब्रॅग यांच्यावर मात्र ट्रम्प हवे ते बोलू शकत होते, आणि बोललेही. न्यायाधीशाने स्वतःला आदेशाबाहेर ठेवले ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्याच्या आधी डिसेंबर २०२३ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने न्यायाधीश तान्या चटकन यांचा आदेश छाटून बारीक केला होता. विशेष सरकारी वकील जॅक स्मिथ यांच्यावर टीका करायला ट्रम्प मोकळे, साक्षीदारांच्या साक्षीबद्दल बोलायला नाहीत. ट्रम्प यांनी न्यूयॉर्कचा आदेश दहा वेळा मोडल्याचे न्यायालयाने ठरवले आणि दर वेळचा दंड हजार डॉलर, एकूण दहा हजार. त्यांच्यासारख्या श्रीमंताला तो काहीच नव्हे, हे मर्चन यांनीच नमूद केले आणि पुढच्या वेळी तुरुंगाचा विचार करावा लागेल असे बजावले. म्हणजे अट नेमकी असली तरी तिच्यामागची शिक्षा पोकळ असेल तर बलदंड माणूस तिची किंमत मोजून बोलत राहतो.

ब्राझीलमध्ये याच्या उलट टोक पाहायला मिळाले. जुलै २०२५ मध्ये माजी राष्ट्राध्यक्ष जाईर बोल्सोनारो यांच्या पायात इलेक्ट्रॉनिक कडे आले, समाजमाध्यमे सर्वस्वी बंद झाली, दुसऱ्याच्या खात्यावरूनही बोलणे बंद झाले आणि ऑगस्टात नजरकैद लागली. हे आदेश देणारे न्यायमूर्ती अलेशांद्रे द मोरायस हे स्वतः बोल्सोनारो यांच्या टीकेचे मुख्य लक्ष्य होते, आणि कथित कटातले एक संभाव्य बळीही. बोल्सोनारो यांच्यावरचा आरोप लोकशाही उलथून टाकण्याचा होता, सप्टेंबरात त्यांना सत्तावीस वर्षांहून अधिक शिक्षा झाली. आरोप कितीही गंभीर असो, ज्याच्यावर टीका होते त्यानेच टीकाकाराचे तोंड बंद करणे न्यायालयाच्या प्रतिष्ठेला परवडत नाही.

अमेरिकेच्या उदाहरणात आपल्यासाठी एक सावधगिरीही आहे. तिथे ज्यूरी आहे. बारा सामान्य माणसांची मने खटल्याआधीच्या गदारोळाने गढूळ होतील, ही तिथली मोठी भीती. ती भीती आपणही एकेकाळी पाहिली आहे. १९५९ मध्ये कमांडर नानावटी यांच्या खटल्यात ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने उघड मोहीम चालवली, मुंबईच्या ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष म्हटले आणि उच्च न्यायालयाला तो कौल बाजूला ठेवावा लागला. पुढे आपण ज्यूरीच काढून टाकली. आज निकाल देणारा न्यायाधीश शिकलेला, सरावलेला असतो. ‘प्रकरणाच्या गुणदोषांवर भाष्य नको’ या अटीमागचा मुख्य आधार त्यामुळे आपल्याकडे राहत नाही. देवरूख किंवा महाडच्या न्यायाधीशाचे मत पुढाऱ्याच्या पत्रकार परिषदेने फिरेल असे मानायचे असेल, तर आपली अडचण भाषणाहून फार मोठी आहे.

शिवाय हत्यारे आधीच कायद्यात आहेत. साक्षीदाराला खोटी साक्ष देण्यासाठी धमकावणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २३२ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. चालू न्यायप्रक्रियेत अडथळा आणणारे बोलणे हा १९७१च्या कायद्याखाली फौजदारी अवमान आहे. ऑक्टोबर १९९६च्या दसरा मेळाव्यात बाळासाहेब ठाकरे न्यायाधीशांवर बोलले, त्यावर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना आठवडाभराची कैद सुनावली होती. पुढे सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली, पण ती कार्यपद्धतीच्या कारणावर, महाधिवक्त्यांची संमती नव्हती म्हणून. या हत्यारांना धार नाही, हेच खरे दुखणे आहे. साक्षीदाराला जाहीर सभेत लक्ष्य केल्यावर त्याच आठवड्यात जामीन रद्द करण्याचा अर्ज आला पाहिजे, न्यायालयाने तो दिवसांत ऐकला पाहिजे. मुख्यमंत्र्यांना आव्हान दिले तेव्हा जी तत्परता मुंबई पोलिसांना चार दिवसांत साधली, ती तालुक्यातल्या एका पंचासाठी साधते का, यावर मी कायद्याच्या राज्याची परीक्षा घेईन.

मुदतीविषयीही बोलायला हवे. खटला लांबतो, अट त्याच्याबरोबर लांबते. उद्या एखाद्या पुढाऱ्याला साक्षीदारांबद्दल बोलायला मनाई केली तर ती साक्षी संपेपर्यंतच असावी. अमुक व्यक्तींविषयी, अमुक विषयावर, अमुक तारखेपर्यंत, आणि अमुक कारणाने, इतके आदेशात लिहायला चार ओळी पुरतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सहारा प्रकरणात, वार्तांकन पुढे ढकलण्याच्या आदेशासाठी, न्यायाला खरा आणि मोठा धोका असला पाहिजे आणि मनाई गरजेपुरती व थोड्या काळापुरती असली पाहिजे, अशी कसोटी घालून दिली होती. पत्रकारांसाठी लावलेली ती कसोटी आरोपीसाठी का लावू नये?

ऑक्टोबर २००८ मध्ये राज ठाकरे यांना पहाटेच्या वेळी रत्नागिरीच्या शासकीय विश्रामगृहातून पोलिसांनी नेले होते. म्हणजे तेरा वर्षांत दोन मोठे नेते याच जिल्ह्यातून पकडले गेले, दोन्ही वेळा मागे त्यांची भाषणे होती, दोन्ही वेळा जिल्हाभर बंदोबस्त लागला आणि दोन्ही वेळा बातम्यांत गाड्यांचा ताफा आणि घोषणा होत्या. पुढच्या निवडणुकांत अशी अटक पुन्हा होईल. तेव्हा आपल्या जिल्ह्यातल्या वार्ताहरांना माझी विनंती आहे: अटकेच्या छायाचित्राशेजारी जामिनाचा आदेशही छापा, अटींसकट. आणि वकील मित्रांनो, अशिलाला सोडवण्याच्या घाईत ‘असा गुन्हा पुन्हा करणार नाही’ एवढ्यावर सही करू नका. कोणाविषयी, कशाविषयी, कधीपर्यंत, ते न्यायालयाकडून लिहून घ्या.